नाव तेवढं वगळलं

सरकारं एकमेकांशी सहकार्य करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मी पुष्कळ वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहिलं आहे. आधी फोटो काढतात. मग कॉफी पितात. मग सहकार्याची आज किती गरज आहे यावर एकेक जण बोलतो आणि सगळे जेवायला उठतात. जेवणानंतर तेच पुन्हा, फक्त जरा पेंगत.

माझं काम हे सगळं लिहून ठेवण्याचं होतं. सिंगापूरच्या हॉटेलांमध्ये अशा परिषदा सतत भरत असतात. या शहराचा त्यात हॉल भाड्याने देण्यापलीकडे फारसा संबंध नसतो. इतिवृत्त लिहायला मात्र बाहेरचं माणूस लागतं, कारण आतल्या कोणी लिहिलं तर बाकीच्यांना संशय येतो. मी पुण्यात अर्थशास्त्र शिकले, लग्न होऊन इथे आले आणि या कामात पडले. सुरुवातीला मी भाबडी होते. कोण काय म्हणालं ते खरोखर लिहायचे. ‘प्रश्नाचे उत्तर देण्याचे प्रतिनिधींनी टाळले’ असं एकदा लिहिलं, तर मसुदा परत आला आणि त्यात ‘प्रतिनिधींनी प्रश्नाची दखल घेतली’ असं झालेलं होतं. तेव्हापासून मी शहाणी झाले. कोणी गप्प बसलं की त्यांनी दखल घेतली, कोणी भांडलं की मनमोकळी चर्चा झाली, आणि कोणालाच काही कळलं नाही की विषयाची गुंतागुंत अधोरेखित झाली. एवढ्या तीन क्रियापदांवर माझं कितीतरी वर्षं उत्तम चाललं.

मला सगळ्यांत जास्त वेळा बोलावणारी परिषद स्पर्धा कायद्याची होती. नाव जड असलं तरी विषय कोणालाही समजेल असा आहे. दोन दुकानदारांनी एकमेकांशी चढाओढ करायची असते. ती न करता दोघांनी गुपचूप भेटून भाव ठरवला, तर गिऱ्हाईक नागवलं जातं. असं करणाऱ्या कंपन्यांना पकडायला बहुतेक देशांनी एकेक कार्यालय काढलेलं आहे. पण कंपन्या वाटेल तितक्या देशांत धंदा करतात आणि कार्यालयाचा हात मात्र आपल्या वेशीपर्यंतच पोचतो. म्हणून या कार्यालयांनी एकमेकांना माहिती द्यावी, मदत करावी, असं सगळ्या सरकारांनी ठरवलं. ठरवून जमाना झाला. करार झाले, मखमली फायली झाल्या, कापडी पिशव्या तर इतक्या झाल्या की आमच्या घरात मेथीची जुडीसुद्धा ‘सीमेपलीकडे विश्वास’ असं छापलेल्या पिशवीतून येत असे.

या करारांत एक कलम असतं. मी ते प्रथम वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. एखाद्या कंपनीने एका देशाच्या कार्यालयाला दिलेली गोपनीय माहिती दुसऱ्या देशाला द्यायची असेल, तर आधी त्या कंपनीची संमती घ्यायची! म्हणजे चोराला विचारायचं, बाबा रे, तू आमच्याकडे जे कबूल केलंस ते शेजारच्या चौकीत सांगितलं तर चालेल ना? मी एका अधिकाऱ्याला भीतभीत विचारलं, की कंपनी नाही म्हणाली तर? तो म्हणाला, मग आम्ही तिच्या निर्णयाचा आदर करतो. हे त्याने तोंडातला घास न थांबवता सांगितलं.

एकदा जेवणाच्या टेबलावर माझ्या दोन्ही बाजूंना दोन देशांचे तपास अधिकारी होते. दोघं त्याच कंपन्यांच्या मागे होते आणि दोघांनाही ते माहीत होतं. पण संमती आलेली नव्हती. म्हणून दोन सुशिक्षित, टाय लावलेले सरकारी पुरुष तासभर चिली क्रॅबवर बोलले. कवच आधी फोडावं की नंतर, पाव त्यात बुडवावा की नाही. शेवटी एकमेकांना कार्ड दिलं. ती कार्डं त्यांनी आदल्या वर्षीही दिली होती. संध्याकाळी मी ‘द्विपक्षीय संवादाला गती मिळाली’ असं लिहून मोकळी झाले.

हे सगळं मी घरी तिखटमीठ लावून सांगत असे आणि आम्ही हसत असू. आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही भाड्याने देतो. तेव्हा तिथे नाशिकची एक मुलगी राहत होती. हार्बरफ्रंटला एका मालवाहतूक कंपनीत ती कामाला होती. मला काकू म्हणायची. चेहऱ्यावरची रेष न हलवता विनोद करण्याची तिला सवय होती. समोरचा आधी दचकायचा आणि मग हसायचा. माझी लेक, जी आमच्याशी मराठीत एक वाक्य धड बोलत नाही, ती हिच्याशी मात्र मोडक्यातोडक्या मराठीत तास तास गप्पा मारायची. त्यासाठी तरी मी त्या मुलीचं भाडं कधी वाढवलं नाही.

तिचं ऑफिसातलं काम गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं होतं. वाहतुकीचा सरचार्ज, म्हणजे भाड्यावरचा अधिभार, वाढला की छोटे व्यापारी फोन करून विचारत, का वाढला? हिने सांगायचं, इंधन महागलंय, बंदरात गर्दी आहे. आणि खरं कारण हिला दर महिन्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. जी कंपनी बाजारात हिच्या कंपनीची कट्टर प्रतिस्पर्धी म्हणून मिरवायची, तिचा पुढच्या महिन्याचा सरचार्ज हिच्या साहेबांकडे आधीच येऊन पडायचा, आणि मग तोच आकडा दोन्ही कंपन्या आपापला म्हणून जाहीर करायच्या.

महिन्याच्या बैठकीत एकदा तिला राहवलं नाही. गंभीर चेहऱ्याने ती साहेबांना म्हणाली, ‘‘सर, दोन्ही कंपन्यांचा दर एकच आहे, तर ऑफिसही एकच घेऊ या. निदान भाडं तरी वाचेल.’’ सगळे हसले. साहेबही हसले, फक्त जरा उशिरा.

हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं तेव्हा आम्हीही पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, ‘‘काकू, तुमची ती ऑफिसं असतात ना, असलं काही सांगायची? माल जिथे उतरतो त्या देशातल्या ऑफिसची खबर द्यायची फोन लाइन आहे. तिथे फोन केला तर?’’

मी हातातला घास ठेवला. ‘‘अगं, त्या लोकांना मी ओळखते. ते दखल घेतील. दुसरं काही करणार नाहीत.’’

‘‘मग घेऊ देत की दखल.’’

‘‘आणि तुझा इथे काम करायचा पास? तो कंपनीच्या जिवावर आहे. साहेबांना कळलं तर उद्या तुला विमानात बसवतील.’’

‘‘नाव कुठेही येणार नाही, असं लिहिलंय त्यांनी.’’ आणि मग, पहिल्यांदाच विनोद न करता, ती म्हणाली, ‘‘एक सुक्या मासळीचा व्यापारी आहे, म्हातारा. दर वाढला की भांडायला फोन करतो. पण भांडायच्या आधी विचारतो, जेवलीस का? आणि मी त्याला सांगते, काका, इंधन महागलंय. मला ते आता जमत नाही हो.’’

तिने फोन केला. पलीकडच्या बाईने नीट ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, आणि नाव कुठेही येणार नाही असं तोंडीही सांगितलं. पुढे अधूनमधून ती मला चिडवायची, ‘‘काय काकू, तुमच्या लोकांनी काही केलं का?’’ मी म्हणायची, ‘‘आधी ते फोटो काढतील.’’ तिला इथे राहायचं होतं. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज करायचा, आईवडिलांना एकदा बोलवायचं, माझ्या लेकीला मोदक करायला शिकवायचे, असे तिचे साधे बेत होते. ऑफिसात सगळं शांत होतं. तिचा पासही नवा करून मिळाला. मलाही वाटायला लागलं, की त्या कार्यालयांच्या आळशीपणातच हिची सुरक्षितता आहे. काही न करणाऱ्यांकडून निदान नुकसान तरी होत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

मग त्या वर्षीची कार्यशाळा आली. परिषदेचं सचिवालय चालवणारे एक गृहस्थ होते. मी त्यांना मनात अध्यक्षमहाशय म्हणत असे, कारण कुठल्याही खोलीत शिरले की ते मधल्या खुर्चीकडे चालायला लागायचे. फोटो आधी आणि चर्चा नंतर, हा दंडक त्यांचाच. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की नुसती भाषणं पुरे, आता प्रत्यक्ष सराव. वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून एक काल्पनिक प्रकरण सोडवायचं.

ही काल्पनिक प्रकरणं कशी तयार होतात हे सांगायला हवं. या मंडळींना कल्पनाशक्तीचं वावडं आहे. म्हणून एखादा देश आपलं खरं चालू प्रकरण देतो आणि सचिवालय त्याला वेष चढवतं. देशाचं नाव अल्फा होतं, शेजारच्याचं बीटा. सिमेंटचे साबण होतात, औषधांची खेळणी. आकडे काढतात, मार्ग काढतात, कंपन्यांची नावं तर अर्थातच काढतात. मग तो कागद सगळ्यांना वाटतात आणि सगळे भाबडेपणाने विचारतात, असं खरंच कुठे घडतं का हो?

हॉल नेहमीसारखा गारठलेला होता. विषुववृत्तावर येऊन लोक शाली पांघरून बसले होते. अगदी मागच्या टेबलावर ‘खासगी क्षेत्राचे सल्लागार’ होते. हेही सांगायला हवं. ज्या कंपन्यांना ही कार्यालयं पकडतात, त्या कंपन्यांचे वकील म्हणजे हे सल्लागार. सर्व घटकांना सोबत घ्यायचं असतं म्हणून त्यांना बोलावतात, आणि दुपारचं जेवण त्यांच्याकडून असतं.

अध्यक्षमहाशय स्वतः प्रकरण वाचायला उभे राहिले. अल्फा देशात बिस्किटं पुरवणाऱ्या दोन कंपन्या आहेत, ती बिस्किटं बीटा देशात जातात, दोन्ही कंपन्या दर महिन्याला एकाच वेळी भाव वाढवतात. मी टाइप करत होते. बिस्किटांनी काही मला दचकवलं नाही. मग ते म्हणाले, अल्फामधल्या एका कंपनीतील परदेशी तरुणीने बीटाच्या कार्यालयाला याची खबर दिली आहे. ती ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे काम करते. आणि इथे ते थांबले, चष्म्यावरून हॉलकडे पाहिलं, आणि रंगात येऊन वाचलं: ‘‘कंपनीच्या मासिक बैठकीत ही तरुणी आपल्या वरिष्ठांना म्हणाली होती, की सर, दोन्ही कंपन्यांचा दर एकच आहे, तर ऑफिसही एकच घेऊ या, निदान भाडं तरी वाचेल.’’

हॉल हसला. अख्खा हॉल, मनापासून. शाली पांघरलेली ती सगळी माणसं त्या दिवसात पहिल्यांदा जागी झाली.

माझे हात कीबोर्डवर होते तिथेच राहिले. तिने तो विनोद फोनवरच्या बाईला सांगितला असणार, जसा आम्हाला सांगितला होता, आणि त्या बाईने फाइलमध्ये उतरवला असणार. फाइल इथे आली. कोणा हुशार माणसाने जहाजांची बिस्किटं केली, देश बदलले, आकडे पुसले, आणि या वाक्यापाशी आला तेव्हा त्याला ते इतकं आवडलं की काढवेना. मी मागे वळून पाहिलं. मागच्या टेबलावर एक सल्लागार हसत होता. हसता हसता त्याने कागद पुन्हा वाचला. मग तो हसायचा थांबला, शेजाऱ्याची क्षमा मागितली आणि फोन हातात घेऊन बाहेर गेला.

चहाच्या सुट्टीत मी अध्यक्षमहाशयांना गाठलं. मी म्हटलं, ‘‘तुम्ही खबर देणाऱ्या मुलीला उघडं पाडलंत.’’

‘‘कसं शक्य आहे? नाव कुठे आहे?’’ त्यांनी खरोखर कागद चाळून पाहिला. ‘‘हे बघा, नाव नाही.’’

‘‘ते वाक्य ती भर बैठकीत बोलली होती. त्या खोलीतल्या प्रत्येकाने ते ऐकलंय.’’

‘‘पण त्यात व्यापारी गुपित काही नाही,’’ ते समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘‘आम्ही हा मजकूर फार काळजीपूर्वक तपासला आहे. दर, मार्ग, गिऱ्हाइकं, कंपन्यांची जी जी गोपनीय माहिती होती ती सगळी काढली. कायदेशीर विभागाची मान्यता आहे. तो विनोद ठेवला, कारण त्याने प्रकरणात जिवंतपणा येतो.’’

कंपन्यांची गुपितं राखायचे नियम होते म्हणून ती राखली गेली. ती मुलगी काही कंपनी नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी त्यांच्याकडे काढून टाकण्याजोगं फक्त नाव होतं. मी म्हटलं, निदान आता तरी सगळे कागद परत घ्या. त्यावर ते दचकले. ‘‘परत घेतले तर लोकांच्या लक्षात येईल की हे प्रकरण खरं आहे. तो तर गोपनीयतेचा भंग होईल.’’ मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ‘‘आणि तुम्हाला कसं कळलं ही मुलगी कोण ते? तिने तुम्हाला सांगितलं का? तिने असं सांगायला नको होतं.’’

एवढं बोलून त्यांनी करी पफ उचलला. मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की मी लॅपटॉप मिटला, दुपारचं सत्र सोडलं आणि टॅम्पिनीसची गाडी पकडली.

ती घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, बिस्किटांसकट. ती दारातच चपला हातात घेऊन ऐकत राहिली.

‘‘हसले लोक?’’ तिने विचारलं.

‘‘हसले. सगळे.’’

‘‘ऑफिसपेक्षा बरा प्रतिसाद मिळाला म्हणायचा.’’ मग ती खाली बसली. ‘‘काकू, आता मी काय करू?’’

मी म्हटलं, दुसरीकडे अर्ज करायला लाग. माझी लेक आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘‘आई, दीज पीपल ऑल वायांग वन लाह. शो ओन्ली. दे डोन्ट केअर.’’ वायांग म्हणजे इथल्या भाषेत नाटक, लोकांना दाखवण्यापुरतं. माझ्या तीन क्रियापदांपेक्षा तिचा तो एक शब्द चोख होता.

बरेच दिवस काही झालं नाही. आपण उगाच घाबरलो, असं म्हणण्याइतके आम्ही सावरलो होतो. मग एका सकाळी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं, कॉफी मागवली आणि सांगितलं की कंपनी जरा आवराआवर करते आहे, तिची जागा राहणार नाही. तिच्या कामाबद्दल कोणाचीच तक्रार नाही, शिफारसपत्र छान देऊ. ती उठली तेव्हा साहेब हसून म्हणाले, ‘‘काय करणार? भाडं वाचवायचंय.’’

त्या एका वाक्याने तिला सगळं कळलं, आणि कळावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं. तरी कोणापुढे सिद्ध काय करणार? साहेब भाड्याबद्दल बोलले, एवढंच.

तिने पलीकडच्या कार्यालयाला फोन केला. पूर्वीच्या बाईची बदली झाली होती. नवा अधिकारी अतिशय सभ्य होता. त्याने खेद व्यक्त केला आणि सांगितलं, आमच्याकडून तुमचं नाव कोणालाही दिलं गेलेलं नाही. हे खरं होतं. त्याने असंही सांगितलं, की त्यांच्या कायद्यात खबर देणाऱ्याला नोकरीवरून काढण्यापासून संरक्षण आहे, पण नोकरी त्यांच्या देशात असेल तर. तिची सिंगापुरात होती. मग देशादेशांतला तो सहकार्याचा करार? तो कार्यालयांसाठी आहे, माणसांसाठी नाही, असं त्याने फार हळुवारपणे समजावलं.

पास गेला की थोड्या दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत ती हार्बरफ्रंटच्या सगळ्या इमारती चढून उतरली. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. मुलाखती छान व्हायच्या, आणि मग फोन यायचा नाही. शहराच्या उत्तर टोकाला, यिशुनला, एका छोट्या गोदामवाल्याने जवळजवळ हो म्हटलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याचाही सूर बदलला. ती गेली त्या सकाळी माझी लेक शाळेला निघताना तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि लिफ्टकडे पळाली. मी रिकाम्या खोलीत जाऊन गादीची चादर काढली आणि मला मोठ्याने शिव्या द्याव्याशा वाटल्या. दिल्याही.

राहिलं इतिवृत्त. ते मी लिहिलं, आणि त्यात माझी तीनही क्रियापदं बाजूला ठेवून एक सरळ वाक्य घातलं: ‘सराव प्रकरणात खबर देणाऱ्या व्यक्तीचे मूळ उद्गार जसेच्या तसे छापल्यामुळे ती व्यक्ती ओळखली गेली व तिची नोकरी गेली.’ मसुदा परत आला. त्या वाक्याच्या जागी होतं: ‘सहभागींनी सराव प्रकरणाच्या वास्तवदर्शी स्वरूपाचे स्वागत केले.’ खाली एक टीप होती, की हे प्रकरण सगळ्यांना इतकं आवडलं आहे की ते आता इतर देशांतल्या प्रशिक्षणातही वापरलं जाईल. मी कळवलं की या इतिवृत्तावर माझं नाव नको. नाव काढण्यात त्यांचा हातखंडा असल्यामुळे ते लगेच झालं. पुन्हा त्यांनी मला बोलावलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसत असेल, आणि दखल घेणं सुरळीत चालू असेल.

नाशिकला तिला एका शीतगृहात काम मिळालं. जमेल तसं फोन करायची, लेकीशी जास्त आणि माझ्याशी कमी. मधे एक गणपती गेला. मग गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, मुद्दाम माझ्यासाठी.

‘‘काकू, तुमच्या लोकांनी हालचाल केली.’’

‘‘काय, नवा फोटो?’’

‘‘नाही हो. त्या सभ्य अधिकाऱ्याचा फोन होता. म्हणाला, आता दुसऱ्या एका देशाच्या कार्यालयाबरोबर मिळून तपास करायचं ठरलंय. माझा जबाब त्यांनाही हवाय. पण त्यांच्या नियमाप्रमाणे माझी ओळख माझ्या संमतीशिवाय ते दुसऱ्या सरकारला देऊ शकत नाहीत.’’ मग ती म्हणाली, ‘‘माझी गोपनीयता त्यांच्यासाठी फार महत्त्वाची आहे म्हणे.’’

मी कपाळावर हात मारला. ‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, बरं झालं विचारलंत, मलाच विचारायचं राहिलं होतं.’’

मी खदखदून हसले. असं उत्तर त्या हॉलमध्ये कोणीतरी उभं राहून द्यावं, म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती! मी म्हटलं, ‘‘शाब्बास! आणि ठेवलास ना फोन?’’

‘‘नाही. संमती दिली.’’

मला रागच आला. मी तिला वाट्टेल ते बोलले. या लोकांनी तुझं वाटोळं केलं, यांना तू अजून काय काय देणार आहेस, यांच्या हातून काही होणार नाही, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माझं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘काकू, तो मासळीवाला माझ्या जागी आलेल्या मुलीलाही विचारत असेल ना, जेवलीस का म्हणून?’’

मग तिने लेकीला फोन द्यायला सांगितला. मी दिला.